स्पीकर बदलण्याआधी सोफा हलवा

जुळे सोलापुरातून आलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. रो-हाउसचा हॉल दहा बाय चौदा, स्लॅबची उंची दहा फूट, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स. दहा फुटी भिंतीवर ५५ इंची टीव्ही, समोरच्या भिंतीला टेकवलेला तीन सीटचा सोफा. ५.१चा सेट, म्हणजे पाच स्पीकर आणि जाड आवाजाचा एक वूफर; ते सगळे चालवणारा रिसीव्हर स्वतंत्र. सेंटर, म्हणजे मधला स्पीकर, टीव्ही युनिटच्या कप्प्यात, डावा-उजवा त्याच युनिटच्या दोन टोकांवर, सराउंड म्हणजे मागचे दोन स्पीकर मागच्या कोपऱ्यांत पार स्लॅबला लागून, वूफर पुढच्या डाव्या कोपऱ्यात. तक्रार अशी की संवाद कळत नाहीत. खिडकीकडच्या सीटवर बसणारे वडील सारखे "वाढव रे जरा" म्हणतात, आणि वाढवला की मारामारीच्या सीनला सगळी खोली घुमते. दुकानदाराचं म्हणणं, हॉलला हा सेट लहान पडतोय, मोठा घ्या. घ्यावा का?

नका घेऊ. निदान आत्ता नको. दहा बाय चौदाला तुमचा सेट अजिबात लहान पडत नाही. मोठा वूफर आणून त्याच कोपऱ्यात ठेवलात तर घुमणं वाढेल आणि संवाद आणखी गाडले जातील. एकवीस वर्षं मी सोलापुरात घरोघरी हे स्पीकर बसवतोय. "सेट बिघडलाय" म्हणून बोलावणं येतं तेव्हा बहुतेक ठिकाणी यंत्रात काहीच दोष नसतो. सोफा भिंतीला, सेंटर कप्प्यात, वूफर कोपऱ्यात, यांतलं एक तरी सापडतंच. तुमच्याकडे तिन्ही आहेत. ती सुटली की तोच सेट ओळखू येणार नाही इतका बदलतो, आणि खर्ची पडतो एक रविवार.

हलवाहलवीच्या आधी पाच मिनिटांचं एक काम करा. सिनेमा लावून रिसीव्हरच्या डिस्प्लेवर काय लिहून येतं ते बघा. तिथं डॉल्बी किंवा डीटीएसचं नाव यायला हवं. नुसतं स्टीरिओ किंवा पीसीएम दिसत असेल तर टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये जाऊन डिजिटल आउटपुट 'ऑटो', 'बिटस्ट्रीम' किंवा 'पास-थ्रू' करा. वायर टीव्हीच्या ज्या एचडीएमआय पोर्टवर 'एआरसी' लिहिलंय तिथंच लागलीय ना, तेही बघून घ्या. टीव्हीच दोन चॅनलचा आवाज पाठवत असेल आणि रिसीव्हर तो तसाच वाजवत असेल, तर सेंटर मुका बसून राहतो, आणि माणूस वर्षभर "संवाद ऐकू येत नाहीत" म्हणत राहतो. अशी घरं मी पाहिली आहेत. स्पीकरमागच्या वायरींची लाल-काळी टोकंही याच वेळी तपासा. एकाची उलटी लागली असेल तर समोरचा आवाज पातळ होतो, मधोमध ठरत नाही.

आता सोफा. घरात सोफा भिंतीला टेकवायचा हे आपल्याकडे इतकं पक्कं आहे की तो हलवा म्हटलं की घरातली बाईमाणसं माझ्याकडे रागानं बघतात. पण आवाजाचं गणित तिथंच अडतं. जाड आवाज, ज्याला आपण बेस म्हणतो, तो खोलीत सगळीकडे सारखा नसतो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये त्याच्या लाटा आदळून परततात, काही ठिकाणी साठतात, काही ठिकाणी एकमेकींना खाऊन टाकतात. भिंतीपाशी त्या कायम साठलेल्या असतात. तुमचे कान सध्या मागच्या भिंतीपासून जेमतेम एक फुटावर आहेत, म्हणजे तुम्ही सगळे त्या साठ्यातच बसता. शिवाय कानामागच्या भिंतीवरून परतलेला आवाज मूळ आवाजाला लगेच येऊन चिकटतो आणि शब्दांच्या कडा पुसतो.

एक सोपं गणित सांगतो, कागदावर करून बघा. ५६५ ला खोलीच्या फुटांतल्या मापानं भागा. येईल ती त्या दिशेची घुमण्याची पहिली पट्टी, हर्ट्झमध्ये. चौदा फुटांना साधारण ४०. दहा फूट रुंदीला ५६. आणि तुमची उंचीही दहाच फूट, तिथंही ५६. दोन मापं सारखी असल्यामुळे एकाच पट्टीवर दोनदा भर पडतेय. सिनेमातल्या मारामारीचे, ढोलाचे आणि गाडीच्या इंजिनाचे दणके बरेचसे याच आसपास असतात. तुमची खोली का घुमते याचं उत्तर बरंचसं इथंच आहे. आणि वडिलांचंही. रुंदीच्या दिशेची ती ५६ची लाट खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीशी होते आणि बाजूच्या भिंतींकडे वाढत जाते. मधल्या सीटवर बसलेल्याला घुमणं कमी वाटतं, खिडकीकडच्या टोकाला बसलेल्याला जास्त. तुम्ही मधे बसून रिमोट चालवता आणि वडील कडेला बसून घुमणं ऐकतात. दोघांच्या कानावर दोन वेगळे सिनेमे पडतायत.

तर सोफा दोन फूट पुढे ओढा. कान मागच्या भिंतीपासून तीन फुटांवर येतील. थोडा कमी-जास्त चालेल, पण साडेतीन फूट टाळा. चौदा फुटांच्या खोलीत तिथं ८० हर्ट्झची लाट मरते आणि दणका पोकळ होतो. बरोबर सात फुटांवर, म्हणजे खोलीच्या मध्यावर, ४०ची मरते, तेव्हा तिथंही बसू नका. सोफ्यामागं जी दोन फुटांची गल्ली उरते तिथं पुस्तकांचं उघडं कपाट ठेवलंत तर फारच छान. वेड्यावाकड्या उंचीची पुस्तकं आवाज फोडून पसरवतात. रोज दोन फूट अडवणं जमणारच नसेल, तर सोफ्याच्या पायांना फेल्टच्या चकत्या लावा आणि सिनेमापुरता पुढे ओढा. टाइल्सवर एका हातानं सरकतो. आणि निदान सिनेमाच्या रात्री तरी वडिलांना मधली सीट द्या.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचं: सेंटर. सिनेमातलं बोलणं जवळजवळ सगळं या एका स्पीकरमधून येतं. थिएटरात तो पडद्याच्या मागे असतो, पडद्याला बारीक भोकं असतात आणि आवाज त्यातून थेट तुमच्या तोंडावर येतो. घरी आपण त्याच स्पीकरला कप्प्यात कोंबतो. वर फळी, खाली फळी, पुढे चार बोटं ग्रॅनाइट, बाजूला सेट-टॉप बॉक्स आणि गणपती.

गेल्या उन्हाळ्यात विजापूर रोडला एका घरी गेलो होतो. सत्तरीतले गृहस्थ, निवृत्त शिक्षक. मुलानं ऐपतीपेक्षा भारी सेट आणला होता, तरी सर टीव्हीपासून चार फुटांवर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचे. मुलाला वाटत होतं, त्यांना श्रवणयंत्र लागणार. मी सेंटरकडे बघितलं तर तो कप्प्यात सात-आठ इंच आत, आणि त्याचा रोख समोरच्यांच्या गुडघ्यांवर. तो पुढे ओढला, इतका की त्याचं तोंड फळीच्या काठाच्या केसभर बाहेर आलं. खाली पुढच्या बाजूला दोन रबरी बूच सरकवले, तोंड वर झालं. कप्प्यात उरलेल्या पोकळीत घरातलीच एक जुनी वाकळ घडी करून भरली, फक्त रिसीव्हरच्या आसपास नाही, त्याला हवा लागते. मग तीच बातमी पुन्हा लावली. सर खुर्चीवरून उठले, मागे सोफ्यावर जाऊन बसले आणि निवेदिकेच्या मागोमाग वाक्य पुटपुटत म्हणून दाखवू लागले. मुलगा काही बोलला नाही. आवाजाचा आकडा मात्र आधीपेक्षा सहानं कमी होता.

तुम्हीही हेच करा. सेंटर काठाच्या बाहेर, तोंड कानाकडे. कानाची उंची डोळ्यांनी ठरवू नका, टेपनं मोजा: सोफ्यावर नेहमीसारखं रेलून बसा आणि दुसऱ्याला फरशीपासून कानाच्या भोकापर्यंत मोजायला सांगा. साधारण ३६ ते ४० इंच भरतं. सेंटरच्या तोंडावर मधोमध मोबाइल सपाट टेकवून त्याचा टॉर्च लावा. प्रकाश सोफ्यावर बसलेल्याच्या छातीवर पडत असेल तर अजून उचला, तोंडावर आला की थांबा. टीव्ही फार वर टांगलेला असेल तर सेंटर टीव्हीच्या वर लावून खाली झुकवण्यापेक्षा टीव्हीच खाली घ्या. भिंतीत चार भोकं नवी पडतील, पण मानेचंही भलं होईल.

आणखी एक बारीक गोष्ट. बहुतेक सेंटर आडवे असतात, मधे बारीक आवाजाचा छोटा ट्वीटर आणि दोन्ही बाजूंना एकसारखे दोन शंकू. हे दोन शंकू मधे बसलेल्यासाठी एकत्र चालतात, पण कडेला बसलेल्याच्या कानावर त्यांचा आवाज थोडा मागेपुढे पोचतो आणि नेमका बोलण्याचा पट्टा काही ठिकाणी दबतो. कोन वीस अंशांच्या पुढे गेला की ते जाणवायला लागतं. तुमच्या सोफ्याच्या टोकाचा कोन त्याच्या अलीकडेच आहे, पण वडिलांना मधे बसवा म्हणण्याचं हे दुसरं कारण.

डावा आणि उजवा स्पीकर युनिटवरून खाली काढा. युनिट पाच फुटांचं धरलं तर आत्ता ते मधल्या रेषेपासून जेमतेम बारा अंश फाकलेले आहेत. सगळा आवाज टीव्हीच्या पुढ्यात गोळा होतो. डॉल्बीची शिफारस आहे २२ ते ३० अंश. कोनमापक शोधत बसू नका, दोन स्पीकरमधल्या अंतराला तुमच्यापासून त्यांच्या रेषेपर्यंतच्या अंतरानं भागा. उत्तर ०.८ ते १.१५ मध्ये हवं. तुमच्या हॉलमध्ये दोघांना बाजूच्या भिंतींपासून दीड-दीड फूट सोडून ठेवलं तर मधे सात फूट राहतात. त्यांचं तोंड टीव्हीच्या भिंतीपासून दोन फूट पुढे आणलं तर तुमच्यापर्यंत नऊ फूट. भागाकार ०.७८, म्हणजे ०.८ला जरासा कमी. काठावर पास म्हणू, पण या रुंदीत यापेक्षा जास्त ओढू नका. भिंतीला चिकटवून कोन वाढवला तर जे कमावलं ते बाजूच्या भिंतीच्या परतीत जाईल.

स्टँड बाजारात महाग मिळतात. कोणत्याही फॅब्रिकेशनवाल्याकडून दोन इंची चौकोनी पाइपाचे करून घ्या, खाली जड पत्रा, आणि पाइप वाळूनं भरून वरून सील. रिकामा पाइप वाजतो. उंची अशी ठेवा की ट्वीटर कानाच्या रेषेत येईल. स्पीकर आणि स्टँडच्या मधे रबराचे चार तुकडे. रोख मधल्या सीटवरच्या डोक्याच्या थोडा मागे मिळेल असा फिरवा. अगदी कानावर रोखलेत तर काही ट्वीटर टोचतात.

आता टाइल्स आणि रिकाम्या भिंती. हॉलच्या मधोमध उभे राहून एक कडक टाळी वाजवा. टाळीनंतर पत्र्यावर खडे सांडल्यासारखा बारीक किर्रर्र आवाज मागे राहत असेल तर तो समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींचा खेळ आहे. गावभागातल्या जुन्या वाड्यांत, माळवदाखालच्या खोलीत हीच टाळी जागच्या जागी विरते. मातीचं छत, लाकडी तुळया, ओबडधोबड भिंती, फडताळं, कोनाडे. त्या खोल्या मला मनापासून आवडतात, तिथं साधा सेटसुद्धा गोड वाजतो. नव्या घरांत ते पीओपी, काच आणि टाइल्सनी घालवलं.

उपाय आपल्याच गावात विणला जातो. सोफा आणि टीव्हीच्या मधे फरशीवर जाड सतरंजी किंवा गालिचा अंथरा, खाली फोमचा थर असेल तर उत्तम. मग आरशाची युक्ती: तुम्ही सीटवर बसा, दुसऱ्यानं बाजूच्या भिंतीवर कानाच्या उंचीला आरसा धरून पुढे सरकत जायचं. ज्या जागी तुम्हाला आरशात स्पीकर दिसेल, तिथून आवाजही उसळून तुमच्याकडे येतो. दोन्ही भिंतींवर त्या जागा पेन्सिलीनं खुणा करा. तिथं काहीतरी मऊ आणि जाड हवं. एकेरी सोलापुरी चादर भिंतीला चापून लावली तर फक्त वरचा झणझणीतपणा थोडा उतरतो. तीच चार पदरी करून, पाठीमागे दोन-तीन इंच हवा सोडून दांडीवर टांगली तर बोलण्याच्या पट्ट्यापर्यंत काम करते. तुमची खिडकी उजव्या भिंतीला असेल तर तिथं चुण्या भरपूर असलेला जाड पडदा, काचेच्या दुप्पट रुंदीचा. डावीकडे चादर, उजवीकडे पडदा, बास. सगळ्या भिंती मढवू नका, खोली कोंदट होते, गाणी मेल्यासारखी वाजतात. आणि चादरीनं वूफरचं घुमणं जाईल अशी आशा धरू नका. ५६ हर्ट्झची एक लाट वीस फूट लांबीची असते, ती कापडाला जुमानत नाही.

सराउंडबद्दल थोडक्यात. स्लॅबच्या कोपऱ्यातून काढा. ते बाजूच्या भिंतींवर, तुमच्या कानांच्या रेषेच्या किंचित मागे हवेत. नाकाची दिशा शून्य धरली तर ११० ते १२० अंशांवर. सोफा भिंतीला असताना ही जागाच उपलब्ध नव्हती, आता आहे. उंची कानाच्या वर एक ते दोन फूट, म्हणजे शेजाऱ्याचं डोकं मधे येत नाही. एका बाजूला दार येत असेल तर त्या बाजूचा स्पीकर स्टँडवर घ्या. दोन्हींची अंतरं इंचाइंचानं जुळायलाच हवीत असं नाही, अंतराचा फरक रिसीव्हर भरून काढतो. मात्र कोन फार वेगळे झाले तर तो काही करू शकत नाही. वायर साधी १.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची घ्या, एवढ्या अंतराला ती पुरते. हजारो रुपये फुटाच्या वायरी मी कुणालाही घेऊ देत नाही.

अॅटमॉससाठी, म्हणजे डोक्यावरूनही आवाज येण्यासाठी, वरच्या दिशेनं आवाज फेकणारे स्पीकर घेऊ का, असं बरेच जण विचारतात. तुमचं छत सपाट आणि दहा फूट आहे, त्यामुळे चालतील. पंख्याच्या बरोबर खाली आवाज उसळणार नाही असं बघा. माळवद असलेल्या घरात मात्र घेऊ नका. तुळयांवर आवाज फुटतो, वरून आल्याचा भास होत नाही. पण तुमच्यासाठी ही पुढची पायरी. आधी संवाद.

राहिला वूफर, आणि यालाच सगळ्यांत जास्त वेळ द्या. कोपरा म्हणजे तीन पृष्ठभागांची गाठ. तिथं ठेवलेला वूफर खोलीतली प्रत्येक लाट पूर्ण जोरानं उठवतो. ज्यांचा वूफर दुबळा आहे त्यांना कोपरा साथ देतो, तुमची तक्रार उलटी आहे. टीव्हीच्या भिंतीलाच, पण मध्याच्या जवळ ठेवून बघा. बाजूच्या दोन्ही भिंतींपासून पाच-पाच फूट अंतर असलं तर रुंदीची ती ५६ची लाट तो उठवूच शकत नाही, कारण तिचं मरणाचं ठिकाण नेमकं तिथं आहे. उंचीची ५६ राहील, पण निम्मा भार कमी होईल. युनिट आड येत असेल तर एक-दीड फूट बाजूला चालेल.

तरीही शेवटचा निर्णय कानानं घ्या. वूफर उचलून सोफ्यावर, मधल्या सीटवर ठेवा. होय, जिथं तुम्ही बसता तिथं. मग एखादं असं गाणं लावा ज्यात बेस गिटार एकेक सूर चालत जाते, नुसता धडधड ठोका असलेलं नको. आता तुम्ही भिंतीकडेनं गुडघ्यांवर फिरा, कान फरशीपासून फूटभर वर. काही ठिकाणी एकच सूर अंगावर येईल आणि बाकीचे गळतील. काही ठिकाणी काहीच उरणार नाही. आणि एक-दोन जागा अशा सापडतील जिथं सगळे सूर सारख्या वजनाचे ऐकू येतील. तिथं फरशीवर चिकटपट्टी लावा. वूफर तिथं ठेवलात की सोफ्यावर तसाच सारखा ऐकू येईल, कारण ठेवण्याची आणि ऐकण्याची जागा अदलाबदल केली तरी खोलीचं वागणं तेच राहतं. दोन छोटे वूफर एका मोठ्यापेक्षा बहुधा चांगले, एक पुढच्या भिंतीच्या मध्यावर आणि एक मागच्या. पुढेमागे पैसे घालायचेच झाले तर तिथं घाला.

जागा ठरली की फेज, म्हणजे वूफर बाकीच्या स्पीकरांच्या तालात हलतोय का ते. वूफरच्या पाठीमागे ० आणि १८० असं बटण असतं. सीटवर बसा, दुसऱ्याला ते बदलायला सांगा. ज्या बाजूला जाड आवाज भरीव लागेल ती ठेवा. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्या पट्टीखालचा आवाज वूफरकडे जातो ती सीमा, रिसीव्हरमध्ये ८० हर्ट्झ, आणि वूफरवरचं स्वतःचं क्रॉसओव्हरचं गोल बटण पुरतं उजवीकडे, म्हणजे दोन चाळण्या लागत नाहीत.

थरथरण्याबद्दल मात्र एक सांगायला हवं, कारण लोक त्याला वूफर फाटला समजतात. पूर्व भागात एका घरी गेलो होतो, खाली यंत्रमाग, वर राहतं घर. मालक म्हणाले, "वूफर फाटलाय बघा, झांजेवानी वाजतंय." मी कमी पट्टीचा एकच सूर लावून ठेवला आणि घरभर हात लावत फिरलो. हॉलच्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात स्टीलची मांडणी होती, खिळ्यांवर टेकलेली, तिच्यावर एकात एक घातलेल्या ताटांची चळत. तळहात ताटांवर ठेवला, आवाज थांबला. उचलला, सुरू. मांडणीच्या मागे रबराचे दोन तुकडे आणि ताटांखाली एक फडकं, एवढ्यावर भागलं. तुम्हीही तसाच एक सूर लावून हात फिरवा. खिडकीच्या स्लायडिंगच्या काचा, ट्यूबची पट्टी, शोकेसची काच, स्विचबोर्डाचं झाकण, कुठेही सापडेल. स्लायडिंगच्या काचेच्या खाचेत लोकरीची पट्टी घालून मिळते, ती बदला.

शेवटी रिसीव्हरचं आपोआप मोजमाप, मायक्रोफोन लावून करतात ते. ते सगळ्यात आधी करून लोक फसतात. चुकीच्या जागी ठेवलेल्या स्पीकरचं ते फक्त हिशेब जुळवतं. सगळं जागेवर बसल्यावर करा, आणि पहाटे करा. पंखा, कूलर, फ्रीज बंद. सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी कूलर बंद करणं कुणालाच जमत नाही, म्हणून पहाट. माइक सोफ्याच्या पाठीवर ठेवू नका, कॅमेऱ्याच्या तिवईवर कानाच्या उंचीला लावा. पहिलं मोजमाप मधल्या सीटवर, मग वडिलांच्या, मग बाकीची जवळपासच. झाल्यावर आकडे वाचा. वूफरचं अंतर खऱ्यापेक्षा जास्त दाखवेल, ते बदलू नका. आतल्या सर्किटमुळे त्याचा आवाज जरा उशिरा निघतो आणि रिसीव्हर तेवढं धरून चालतो. सगळे स्पीकर 'स्मॉल' झालेत ना, म्हणजे त्यांचा जाड आवाज वूफरकडे जातोय ना, ते बघा, नसतील तर हातानं करा. मग सेंटर एक-दोन डेसिबलनं वाढवा. रात्री उशिरा बघताना 'नाइट मोड' लावा, दणके दबतात आणि बोलणं वर येतं. उन्हाळ्यात कूलर चालू असतानाही त्याचा फार उपयोग होतो. कूलरच्या घोंगाटात पहिले बुडतात ते शब्दच, आणि माणूस मग सगळंच वाढवतो. ज्यांच्या शेजारी माग चालतात त्यांचंही तेच. तिथं अॅम्प मर्यादेबाहेर ताणला जाऊन ट्वीटर जळालेले मी किती बदलले त्याला गणती नाही. कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर घ्या, खिडकीच्या चौकटीला टेकू देऊ नका, निम्मा घोंगाट तिथंच कमी होतो.

हे सगळं करून आठवडाभर ऐका. पहिल्या दिवशी बेस कमी झाल्यासारखा वाटेल, कारण कानाला घुमण्याची सवय लागलीय. लगेच वूफर वाढवू नका. चार-पाच दिवसांनी एकदा पंधरा मिनिटं जुन्या जागी नेऊन ऐका, मग तुमचं तुम्हालाच ठरवता येईल. तरीही वडिलांना शब्द अडत असतील तर एकदा कान तपासून घ्या, ते काम स्पीकरचं नाही.

आणि वूफर, दोन्ही स्टँड, सोफ्याचे पुढचे पाय, या सगळ्यांपाशी फरशीवर कायम शाईच्या पेनानं बारीक खुणा करून ठेवा. दिवाळीच्या साफसफाईत सगळं हलतं, आणि परत ठेवताना सोफा आपसूक भिंतीला जातो.